सहा माणसांचं ओझं

शनिवारी सकाळी नुरीसने वाळूची सहा पोती अंगणात ओळीने मांडली, तेव्हा तिचा बाप अनिसेतो रिआस्कोस पायरीवर बसून गुळाचं गरम पाणी पीत होता. उजवा गुडघा धरल्यापासून सकाळचा पहिला तास तो पायरीवरच काढायचा.

"पापा, उद्या मोकळे आहात ना?"

"आठ वर्षं मोकळाच आहे. का गं?"

"परीक्षेला ओझं लागतं."

"म्हणजे मला ओझं म्हणतेस तर."

"मी नाही, संघ म्हणतो. सहा घरची माणसं."

अनिसेतो हसला. कप बाजूला ठेवून तो पोत्यांकडे पाहत राहिला. ती कशाला, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

सान बेनिग्नोला सडक नाही, रूळ आहेत. मालगाडी महिन्यातून एखादी, तीही आधी कळवून येते. बाकीचे दिवस रूळ गावाचे. त्यांवरून फळ्यांचे गाडे धावतात: खाली लोखंडी चाकं, वर दोन बाक आणि कडेला बांधलेली मोटरसायकल, जिचं मागचं चाक रुळावर टेकून गाडा पुढे ढकलतं. या गाड्याला सगळे ब्रुहिता म्हणतात, म्हणजे चिमुकली चेटकीण. अनिसेतोच्या तरुणपणी मोटरसायकली नव्हत्या. तेव्हा माणूस लांब काठी जमिनीला रेटून गाडा हाकायचा, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, कुणी झाडूच्या दांड्यावर बसून उडत चाललंय. नाव तेव्हाचं.

गाडा चालवायचा तर गाडेवाल्यांच्या संघाकडून पाळी मिळावी लागते, आणि पाळीसाठी परीक्षा. खाणीच्या उतारावरून इंजिन बंद करून यायचं आणि फक्त हाताच्या दांडीने पुलाच्या अलीकडे थांबायचं. दांडीच्या टोकाला जाड टायरचा तुकडा असतो, तो रुळावर दाबायचा. बाकावर ओझं म्हणून घरचीच माणसं बसवायची, पोती चालत नाहीत. ज्याच्या गाड्यावर घरचेच बसायला धजत नाहीत त्याच्या गाड्यावर परक्यांनी का बसावं, असं संघाचा प्रमुख अबसालोन कुएरो म्हणायचा. इतकी वर्षं दोन माणसं पुरायची. पण सुट्ट्यांत शहरची माणसं एकेका गाड्यावर सहा-सहा बसू लागली, म्हणून संघाने या वर्षीपासून परीक्षेलाही सहा ठरवली होती. सहा माणसं घेऊन परीक्षा देणारी नुरीस पहिलीच. बाई म्हणूनही पहिलीच.

ती नऊ वर्षं काली शहरात परक्यांच्या स्वयंपाकघरांत राबली होती. गेल्या वर्षी जुनी मोटरसायकल घेऊन परत आली आणि स्वतःच्या हाताने गाडा बांधला. पाळी मिळाली तर राहणार, नाही मिळाली तर जानेवारीत परत काली. हे तिने एकदाच सांगितलं होतं. तू राहा, असं अनिसेतोने तोंडाने म्हटलं नव्हतं. त्याने तिच्या खोलीचं छप्पर बदललं होतं, खिडकीला नवी कडी लावली होती आणि बायको गेल्यापासून ओसाड पडलेल्या परसात मिरच्या लावल्या होत्या.

"पोती तालमीसाठी होय?" त्याने विचारलं.

"मोजायचंय. चला माझ्याबरोबर. रुळांखालचे स्लीपर मोजायला कुणीतरी हवंय."

"थांबायचं कुठे ते मोजून कळतं होय? ते ढुंगणाला कळतं."

"तुमच्या कळतं. माझं अजून शिकतंय."

खाणीच्या वर उताराचा एक तुकडा आहे, अगदी पुलाकडच्या उतारासारखा, फक्त त्याच्या पायथ्याशी पूल नाही, सपाट रान आहे. तिथे चूक झाली तर गाडा आपोआप थांबतो. नुरीसने पोती एका झाडाखाली उतरवली आणि दांडीच्या टोकाला दगडांनी भरलेला तेलाचा डबा बांधला. डबा एका सुतळीने वर अडकवला होता.

"आणि हे काय?"

"सुतळी सोडली की डबा दांडीला लटकतो आणि टायर दाबतो. माझा हात कधी जोरात दाबेल, कधी हळू. डबा दर वेळी सारखाच दाबणार."

"डबा तुझ्यापेक्षा शहाणा निघाला."

"तुमच्यावर गेलाय."

तिने एका मोठ्या दगडापाशी गाडा धरला. दर वेळी इथूनच सोडायचा. खाली एका स्लीपरवर खडूची रेघ ओढली होती. रेघ आली की सुतळी सोडायची. अनिसेतोने काठी टेकत रेघेपाशी जागा घेतली. फोनवर वेळ मोजायचं कामही त्याच्याकडेच होतं, आणि त्याला ते मनापासून आवडलं होतं.

पहिल्यांदा ती एकटीच आली. दगडापासून रेघेपर्यंत अकरा सेकंद. डबा पडला, टायर रुळावर घासला, गाडा थांबला. अनिसेतो एकेका स्लीपरवर काठी आपटत गेला.

"चौदा."

तिने वहीत लिहिलं. दोघांनी मिळून दोन पोती चढवली.

"आता बघ," तो म्हणाला. "भरला की रुळाला चिकटतो. दहाच्या आत थांबणार."

भरलेला गाडा रुळाला चिकटतो, हा अनिसेतोचा धडा. गावातल्या प्रत्येक गाडेवाल्याला तो त्यानेच शिकवला होता. उतारावर, पुलाच्या चाळीस स्लीपर अलीकडे, नीरफणसाच्या बुंध्यावर एक पांढरी खूण आहे: दांडी तिथे दाबायची. गाडा भरलेला असला तरी आधी नाही. आधी दाबणारा भित्रा, त्याला परीक्षेत नापास करायचं.

नुरीस गाडा वर ढकलत गेली. गाडा दगडापासून सुटला. अकरा सेकंद.

"भरलेला जोरात येतो म्हणतात," अनिसेतो फोनकडे बघत म्हणाला. "हा तर तेवढ्याच वेळात आला."

"तेवढ्याच वेळात येतो, पापा. थांबले कुठे ते मोजा."

त्याने मोजलं. मग परत रेघेपाशी जाऊन पुन्हा मोजलं.

"बावीस. रूळ ओला असेल."

तिने फडकं काढून रूळ पुसला आणि गाडा पुन्हा वर ढकलत नेला. पुन्हा बावीस. तिसऱ्यांदा एकवीस आणि थोडं.

मग चार पोती चढवली. गाडा आला, अकरा सेकंदांतच आला, डबा पडला, आणि गाडा त्याच्यासमोरून पुढे गेला. रबराचा जळका वास सोडत, फार घाई नसल्यासारखा, पण पुढेच गेला. अनिसेतो मोठ्याने मोजत निघाला. पंचवीसनंतर त्याचा आवाज बारीक होत गेला.

"एकतीस," तो म्हणाला.

नुरीसने वही मिटली. "पुरे पापा. पाऊस येतोय."

"दोन पोती राहिली की."

"राहू देत. पाठ भरून आली माझी."

"चौदा, बावीस, एकतीस," अनिसेतो म्हणाला. "दर दोन पोत्यांना आठ, नऊ. सहाला चाळीस. चाळीसच्या वरच."

नीरफणसापासून पुलापर्यंत चाळीस स्लीपर. घराच्या पायऱ्या जशा अंधारातही पायाला पाठ असतात तसे ते त्याला तीस वर्षं पाठ होते. आणि पुलावर त्याचा धाकटा भाऊ लाओ मेला होता, केळीच्या घडांनी आणि दोन पिंपांनी भरलेला गाडा घेऊन. त्या दिवशी निघताना लाओने विचारलं होतं, "आज जास्तच भरलाय, थोडा आधी दाबू का?" अनिसेतो म्हणाला होता, "खुणेपाशीच दाब. भरलेला चिकटतो." गाडा पुलावर गेला. समोरून रूळदुरुस्तीची ढकलगाडी येत होती. पाऊस होता, रूळ ओला होता, असं सगळे म्हणाले. अनिसेतोही म्हणाला.

तो एकतिसाव्या स्लीपरवर बसला. नुरीस त्याच्या शेजारी बसली.

"तुला आधीच माहीत होतं," तो म्हणाला.

"शाळेत शिकले होते. जितकं जड, तितकं थांबवायला कठीण. पण घरी तुमच्याकडून दुसरंच ऐकत मोठी झाले. कोण खरं ते कळेना."

"मग मला कशाला आणलंस इथे? एकटीने मोजायचंस."

"एकटीने मोजलं होतं. मंगळवारी. वाटलं, माझं कुठेतरी चुकलंय. तुम्ही असाल तर तुम्ही दाखवाल काय चुकलं ते."

पाऊस खरंच आला. दोघं उठली नाहीत.

"उद्या काय करणार?"

"पाद्रिनोला सांगणार होते, सहा माणसांना खूण मागे घ्या म्हणून." अबसालोन तिचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर धरलं होतं. "आता नाही सांगत. सगळ्यांसमोर हे आकडे काढायचे म्हणजे..." तिने वाक्य सोडून दिलं. "पोट दुखतंय म्हणेन. जानेवारीत जाते कालीला. तिथली बाई दर आठवड्याला फोन करते, माझ्यासारखा भात कुणाला जमत नाही म्हणते."

"तुझा भात मलाही आवडतो," अनिसेतो म्हणाला. त्याला सांगायचं होतं ते हे नव्हतं, पण दुसरं काही सुचलं नाही.

दुपारी तो तोमासाकडे गेला. तोमासा लाओची बायको, चर्चच्या मागे राहायची आणि खोबऱ्याच्या दुधातली नदीची कोळंबी करून विकायची. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून. अनिसेतो दारात उभा राहिला तेव्हा ती खोबरं किसत होती.

"काय रे, वाट चुकलास?"

"बोलायचं होतं. लाओबद्दल."

किसणी थांबली नाही. "तीस वर्षांनी? बस. तो स्टूल मोडका आहे, दुसरा घे."

त्याने दुसरा घेतला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, पण आता ती उलटसुलट बाहेर आली: डबा, पोती, चौदा, बावीस, एकतीस, आणि मग एकदम, "त्याने मला विचारलं होतं, आधी दाबू का. मी नको म्हणालो. रूळ ओला होता म्हणून नाही गेला तो, तोमासा. माझं ऐकून गेला."

आता किसणी थांबली. तोमासाने हात पुसले.

"चाळीस वर्षं मी त्या गाड्यांवर मागच्या बाकावर बसते," ती म्हणाली. "मांडीवर पाटी, पायाशी कोंबडी. गाडा रिकामा असला की थांबताना कमरेत एक हिसका, झालं. भरलेला असला की मेला थांबतच नाही. आम्ही बायका एकमेकींच्या अंगावर, पाट्या पुरुषांच्या पाठीवर, आणि तुम्ही पुढे बसून म्हणणार, चिकटला, चिकटला. गावातली कुठलीही बाई तुला हे सांगेल. त्यासाठी वाळू कशाला लागते?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. मागच्या बाकावरच्या सगळ्यांना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. लाओला. त्या आठवड्यातच. म्हटलं, अरे, भरलेला असला की लवकर दाबत जा, माझी अंडी फुटतात. तर म्हणाला, अनिसेतोला जास्त कळतं." तिने खोबऱ्याची वाटी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "असाच होता तो. तू म्हणाला असतास नदी वर वाहते, तर वरच्या अंगाला जाऊन वाट बघत बसला असता."

अनिसेतोने मान खाली घातली. अंगणात तिची कोंबडी त्याच्या बुटाची नाडी टोचत होती.

"तुझ्यावर राग होता मला," तोमासा म्हणाली. "खोटं कशाला सांगू. खूप होता. पण त्यापायी नव्हता. दर रविवारी तू इथे जेवायला यायचास. लाओला पुरलं आणि तू यायचा बंद झालास. मला वाटलं, विधवेच्या घरी जेवायचं म्हणजे याला जड जातंय. दोन लहान पोरी पदरात, आणि एवढा मोठा दीर रस्ता बदलून जातो."

"मला तुझ्यासमोर घास उतरला नसता."

"ते सांगायचंस ना, बाबा. मी म्हटलं असतं, नको गिळू, नुसता बस." तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा हलला. मग तिने चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं आणि विचारलंही नाही; भात, कोळंबी आणि तळलेल्या केळ्याचे दोन काप वाढून ताट त्याच्या मांडीवर ठेवलं. "आज शनिवार आहे. पण चालेल."

त्याने खाल्लं. सावकाश खाल्लं, आणि पहिला घास उतरायला जरा वेळ लागला.

"पोरीला पाळी मिळायला हवी," तो म्हणाला. "पण उद्या सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे अबसालोन, फ्लाको, सगळे... ज्यांना मी शिकवलं ते सगळे."

"लाज वाटते?"

"भीती वाटते."

"वाटू दे. सांगायला भीती नसलेला माणूस लागतो असं कुठे आहे." ती परत किसणीकडे वळली. "सहा माणसं लागतात ना तिला? मी येते, माझ्या दोघी पोरी येतील. माझं वजन तुम्हा दोघांएवढं आहे, ते एकच धरतात की दोन?"

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर अर्धं गाव खाणीच्या उतारावर जमलं. नुरीसने सकाळी पोटदुखीचं काढलं होतं, पण तोमासा दाराशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठ पोरी, मी चांगला झगा घातलाय, तो वाया घालवणार नाही." तेव्हा ती आली. बाप काय करणार आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाड्यावर तोमासा, तिच्या दोघी मुली, थोरलीचा नवरा आणि नुरीसची मावशी बसली. सहावा अनिसेतो. तो अजून खाली उभा होता.

अबसालोन कुएरोने गवती टोपी मागे सरकवली आणि वही उघडली. "इंजिन बंद. दांडीला दुसऱ्या कुणाचा हात-पाय लागला तर नापास. खूण माहीत आहे ना?"

"आहे, पाद्रिनो," नुरीस म्हणाली.

"कोंपाद्रे," अनिसेतो मुलीच्या धर्मपित्याला म्हणाला, "खूण चुकीची आहे."

अबसालोनने वहीतून डोकं वर काढलं. "कुठली खूण?"

"माझी."

तो सांगत गेला. डब्याचं सांगितलं, अकरा सेकंदांचं सांगितलं, तिन्ही आकडे सांगितले. आकडे आपल्या जागी नीट होते आणि एकाला धरून दुसऱ्यावर जाता येत होतं. उंच, काटकुळा फ्लाको, गावातला सगळ्यांत वेगवान गाडेवाला, मध्येच म्हणाला, "म्हातारबा पोरीसाठी सवलत मागताहेत, दुसरं काही नाही."

"मागतोय," अनिसेतो म्हणाला. "तुझ्यासाठीही मागतोय. लाओने मला विचारलं होतं, आधी दाबू का. त्याच्या गाड्यावर सहा माणसांचं ओझं होतं. मी म्हणालो, खुणेपाशीच दाब. नंतर आपण सगळे म्हणालो, रूळ ओला होता. इथे रूळ कोरडा कधी असतो?"

नुरीस मोटरसायकलवर पाठमोरी बसली होती. तिची मान ताठ होती आणि हात हँडलवर घट्ट.

अबसालोन वहीचं पान उगाच उलटत राहिला. "तीस वर्षं ही खूण आहे," तो म्हणाला. "तीस वर्षं सगळे तिथेच दाबतात. मी स्वतः भरलेला गाडा घेऊन येतो, तेव्हा..."

तो थांबला.

"तेव्हा?" तोमासाने गाड्यावरून विचारलं.

"तेव्हा काय. येतो."

"तेव्हा कुठे दाबतोस, अबसालोन? मी बसलेय तुझ्या गाड्यावर."

अबसालोनने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली. "जरा आधी," तो म्हणाला.

"किती आधी?"

"बांबूच्या बेटापाशी. पण ते माझ्या खांद्यामुळे. खांदा दुखतो माझा."

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. फ्लाको जमिनीकडे पाहत होता. "मीपण बेटापाशीच दाबतो," तो म्हणाला. "भरलेला असला की. मला वाटायचं, मीच एकटा घाबरट."

मग मागून एक जण म्हणाला, मी तर बेटाच्याही आधी. दुसरा म्हणाला, तू सोड, तू सपाटीवरही दाबतोस. असं करत करत आठ-नऊ गाडेवाले निघाले, ज्यांतला प्रत्येक जण वर्षानुवर्षं भरलेल्या गाड्याला खुणेच्या आधी गुपचूप दांडी लावत होता आणि कुणी पाहिलं नसेल ना म्हणून मान वळवून बघत होता. पोटात सगळ्यांच्या तेच होतं. तोंडावर अनिसेतोचा धडा होता. अनिसेतो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत राहिला. तो स्वतः शेवटची कितीतरी वर्षं कुठे दाबायचा, हे त्याला आत्ता आठवलं. बांबूच्या बेटापाशीच. गुडघ्यामुळे, असं तो स्वतःला सांगायचा.

"पोरी," अबसालोन शेवटी म्हणाला, "सहा माणसांना किती मागे हवी?"

"चौदा स्लीपर," नुरीस म्हणाली. "बारा पुरतील. पण चौदा."

अबसालोन स्वतः खाली गेला, नीरफणसापासून मागे चौदा मोजले आणि तिथे रुळाच्या कडेला एक ओली फांदी खोचली. तिथून त्याने हात वर केला.

अनिसेतो पुढच्या बाकावर बसला. तोमासा त्याच्या बरोबर मागे होती. नुरीसने एकदा मागे वळून बापाकडे पाहिलं. तिने इंजिन बंद केलं आणि पायाने गाडा सोडला.

आधी तो नुसता कुरकुरला. मग चाकांनी सूर धरला. रान दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागलं, पानांवरचं पाणी तोंडावर आलं. अनिसेतोचा उजवा पाय आपोआप पुढे निघाला, जिथे त्याच्या काळी पायाने दाबायची दांडी असायची तिथे. त्याने तो मागे ओढला. पाय पुन्हा गेला. त्याने दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि दाबून ठेवला.

फांदी आली. नुरीसने दांडीवर अंग टाकलं.

रबर किंचाळलं. पाच जणांचं ओझं एकदम पुढे आलं, आणि तोमासाचा अख्खा खांदा अनिसेतोच्या पाठीत रुतला. गाडा थांबू बघत होता, माणसं थांबायला तयार नव्हती. पाठीवरचा तो दाब कमी होईना. म्हणजे गाडा अजून चाललाय, हे त्याला डोळे मिटूनही कळत होतं. आयुष्यभर तो पुढे बसून समोर पाहत आला होता. मागच्या माणसांचं वजन पाठीवर असं कधी नीट घेतलंच नव्हतं. नीरफणस शेजारून गेला. नुरीस दांडीवर तशीच ओणवी होती. ओठ दाबून ती काहीतरी मोजत होती, आकडे असावेत किंवा प्रार्थना.

मग पाठीवरचा दाब हळूहळू सैल झाला आणि एकदम सुटला. सगळे थोडे मागे आले.

गाडा उभा होता. पुढे रूळ होते आणि मग पूल.

चाकाखालून रबराचा धूर निघत होता. अबसालोन गाड्याच्या पुढे जाऊन पुलापर्यंत एकेक स्लीपर चालत गेला, आणि परत येताना मोठ्याने म्हणाला, "नऊ. नऊ राहिले." वहीत काहीतरी लिहून त्याने ती काखेत मारली. "मंगळवार सकाळ. चौथी पाळी. उशीर केलास तर पाचवी."

नुरीस मोटरसायकलवरून उतरली. बापासमोर येऊन उभी राहिली. दांडी धरून हात काळे झाले होते, म्हणून ते दूर धरून तिने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं.

"पापा, ते सगळं बोलायची काय गरज होती?"

"तू भात चांगला करतेस," अनिसेतो म्हणाला. "म्हणून."

"माझ्याहून चांगला नाही करत," मागून तोमासा म्हणाली. "आणि अनिसेतो, तुझी पाठ आहे की भिंत? खांदा मोडला माझा. पुढच्या रविवारी मालिश करायला येशील तेव्हा जेवूनच जा."

तेवढ्यात पुलावरून समोरून एक गाडा आला. दोन माणसं आणि कोंबड्यांचं एक खुराडं. एकाच रुळावर दोन गाडे आमनेसामने आले की ज्याचं ओझं कमी त्याने आपला गाडा उचलून बाजूला ठेवायचा, असा रिवाज आहे. समोरच्या गाडेवाल्याने नुरीसकडे पाहिलं, मग गर्दीकडे पाहिलं, आणि त्याला वाटलं असावं की बाईच आहे, उचलेल.

"ताई, गाडा काढा बाजूला."

"तुमची दोन," नुरीस म्हणाली. "माझी सहा."

त्याने बोटाने मोजली. कुरकुरत खाली उतरला आणि गाड्याची एक बाजू धरली. दुसरी बाजू धरायला कुणी हवं होतं म्हणून अनिसेतो काठी टेकून बाकावरून उठू लागला.

"बसा पापा," नुरीस दुसरी बाजू धरायला जात म्हणाली. "तुम्ही ओझं आहात. तुम्ही उतरलात तर मलाच उचलावा लागेल."

तो परत बसला. तोमासाने थोडं सरकून त्याला पाठ टेकायला जागा केली.